जावक वहीतले तीन शेरे

गुरप्पाअण्णांनी कागदाच्या डोक्यावर श्री काढला नाही आणि तो कागद कारखान्याबाहेर गेला, असं छत्तीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. बिल असो, सुताच्या व्यापाऱ्याला पत्र असो, नाहीतर वीज सारखी जाते म्हणून केलेली तक्रार असो, वर मधोमध श्री पडणार, मग पुढचं. कुणी म्हणेल, म्हातारा हेकट आहे. आहेच की. पण त्यांच्या हेकटपणाला कारण होतं, आणि ते कारण ऑफिसच्या भिंतीवरच्या फोटोतून रोज त्यांच्याकडं बघत असायचं.

फोटो थोरल्या मालकांचा, बसवेश मालकांचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांनी आठ माग टाकून टॉवेलचा कारखाना काढला, तेव्हा गुरप्पा चोवीस वर्षांचा होता. अक्कलकोटजवळच्या खेड्यातनं आलेला, घरात कानडी आणि शाळेत मराठी असा. पहिल्याच दिवशी मालकांनी एक पत्र सांगितलं आणि ह्यानं गडबडीत तारखेपासूनच सुरुवात केली. मालकांनी पत्र वाचलं, घडी घालून टोपलीत टाकलं आणि दुसरा कोरा कागद पुढं सरकवला. "आधी श्री," म्हणाले, "मग तुझं काय ते." त्याच दिवशी त्यांनी जावक वही गुरप्पाच्या ताब्यात दिली. बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यानं डोळ्यांखालून घालायचा, वहीत क्रमांक टाकायचा, तारीख, कुणाला, कशाबद्दल, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. लिहायचं शाईनं आणि खाडाखोड करायची नाही. चुकलं तर चुकलेलं दिसू दे, असं थोरल्या मालकांचं म्हणणं.

थोरले मालक जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा मल्लिनाथ खुर्चीवर बसला, आठ मागांचे चोवीस झाले, टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला. जावक वही तेवढी राहिली, आणि तिच्यामागं बसलेले गुरप्पाअण्णा राहिले.

त्यांच्या समोरच्या टेबलावर चार महिन्यांपूर्वी पायल आली. करमाळा तालुक्यातल्या जेऊरची, शेतकऱ्याची पोरगी, बीकॉम झालेली. सोलापुरात मुलींच्या होस्टेलवर राहायची आणि रविवारी रेल्वेनं गावाला जायची. वडिलांशी तिचा सरळ करार होता. सहा महिन्यांत नोकरी कायम झाली तर ती सोलापुरात राहणार, नाही झाली तर घरी परत, आणि मग आलेल्या स्थळांना नाही म्हणायचं नाही. हे तिनं अण्णांना दुसऱ्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, सुंदरम्मांच्या हातची शेंगाचटणी खाता खाता. सुंदरम्मा म्हणजे अण्णांची बायको. तेव्हापासून त्या अण्णांच्या डब्यात एक भाकरी जास्त घालायच्या.

तर झालं असं, की कोचीच्या एका हॉटेलवाल्या कंपनीकडनं टॉवेलची ऑर्डर यायची होती. लहानसहान नाही, नऊ महिने चोवीस माग थांबणार नाहीत एवढी. पण त्यांची एक अट होती. करारनाम्यावर सही पाहिजे ती डिजिटल. शाईची सही, शिक्का, काही चालणार नाही. कागद मेलनं पाठवायचा आणि सही खरी का खोटी ते त्यांचा कॉम्प्युटर तिकडं नेटवर तपासून घेणार.

"म्हणजे माणूस बघणारच न्हाय?" अण्णांनी विचारलं.

"माणूस कशाला लागतोय अण्णा? मशीनच सांगतं, सही कुणाची हाय ते," पायल म्हणाली.

अण्णांनी नाक मुरडलं. पण मालकांची सही काढायची म्हणजे काय असतं, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं आणि त्यांना थोडं हसूही आलं. आधी मल्लिनाथला कॅमेऱ्यासमोर बसून आपण आपणच आहोत हे सिद्ध करायचं होतं. तो दाढी करून, कपाळावर ताजी विभूती लावून बसला. पॅन कार्ड गालाजवळ धरायचं, स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं, डोळे मिचकवायचे. पण मागांच्या खडखडाटात नावच ऐकू जाईना. शेवटी दोन मिनिटं चोवीसच्या चोवीस माग थांबवले. सगळे कामगार दारात येऊन मालकाचं डोळे मिचकवणं बघत उभे. दोन दिवसांनी कुरियरनं एक डोंगल आलं, पेन ड्राइव्हसारखं. ते कॉम्प्युटरला लावायचं, पिन टाकायचा, की कागदावर सही उमटणार आणि तिच्याशेजारी हिरवी टिक.

मंगळवारी सकाळी पायलनं करारनामा तयार केला, मल्लिनाथनं डोंगल लावून पिन टाकला, हिरवी टिक आली. कागद पाठवायचं काम रीतीप्रमाणं अण्णांचं. हल्ली मेल ते मोबाइलवरनंच करायचे, नातीनं, सृष्टीनं, सगळं शिकवून ठेवलं होतं. पायलनं फाइल त्यांच्या मोबाइलवर धाडली. अण्णांनी चष्मा चढवून कागद वरपासनं खालपर्यंत वाचला आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. वर श्री नव्हता.

"पोरी, श्री?"

"अण्णा, कंपनीचा फॉर्मॅट हाय हा. त्यात नसतंय," पायल मान वर न करता म्हणाली. तिच्यापुढं बिलांचा ढीग होता.

नसतंय म्हणे! सृष्टीनं त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली होती, मोबाइलवर कागद उघडून त्यावर बोटानं लिहायची. त्यांनी कागद उघडला, निळा रंग निवडला आणि डोक्यावर मधोमध बोटानं श्री काढला. जरा वाकडा आला, पण आला. मग जावक वहीत क्रमांक टाकला, चारशे बारा, आणि कागद कोचीला रवाना केला. हे आपण चोरून करतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही. कुणाला सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

तासाभरात कोचीहून उत्तर आलं. सही अवैध, पुन्हा पाठवा.

पायलनं आपल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडून बघितली, टिक हिरवीगार. कोचीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, मॅडम, आमची सिस्टीम लाल दाखवते, मी काय करू. बुधवारी नवी सही करून पुन्हा पाठवलं, जावक चारशे पंधरा, पुन्हा लाल. डोंगल देणाऱ्या एजंटला बोलावलं. त्यानं सगळं तपासलं, डोंगल उत्तम आहे म्हणाला आणि चहा पिऊन गेला. गुरुवारी सकाळी तिसऱ्यांदा पाठवलं, चारशे सतरा. तेही परत.

गेलेला मेल उघडून बघावा असं पायलच्या डोक्यात आलं नाही. का यावं? अण्णांच्या हातून गेलेल्या कागदावर शंका घ्यायची, हे त्या कारखान्यात कुणाच्या स्वप्नातही येत नव्हतं.

तिसऱ्या उत्तरात एक ओळ जास्त होती. आज पाच वाजेपर्यंत वैध करारनामा मिळाला नाही तर ऑर्डर दुसऱ्या कारखान्याला दिली जाईल. मल्लिनाथ तसा वाईट माणूस नव्हता, पण तापला की त्याला मागचं पुढचं दिसायचं नाही. तो केबिनमधनं बाहेर आला आणि सगळ्यांसमोर पायलला म्हणाला, "हे खूळ तूच आणलंस. एजंट तुझा, फाइल तुझी. पाचपर्यंत झालं तर झालं. पण झालं तरी तुला कायम करायचं मला जमणार नाही. तीन वेळा तोंडघशी पडलोय मी त्या लोकांपुढं."

पायल कॉम्प्युटरकडं बघत बसली. अण्णांना तिची दया आली, खरंच आली. पण खरं सांगायचं तर, त्या दयेच्या शेजारी एक छोटासा समाधानाचा तुकडाही होता. शाईची सही असती तर असं झालं असतं का? आपण म्हणतच होतो की.

दुपारी अडीच वाजता त्यांनी डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही.

"ऊटा आयता?" त्यांनी विचारलं. जेवण झालं का, एवढं कानडी चार महिन्यांत पायलला कळायला लागलं होतं.

"भूक न्हाय अण्णा."

"भुकेचं काय विचारत न्हाय. भाकरी दोन हायेत, आन् मला एकच जाते. बस."

पायल बसली. भाकरीचा तुकडा मोडून तशीच बसून राहिली. तिला बोलतं करावं म्हणून अण्णांनी विचारलं, "मला एक सांग, ते मशीन बघतंय तरी काय? मालकाचं अक्षर?"

"अक्षर कुटलं अण्णा," ती म्हणाली. आपल्या विषयावर आली की तिची गाडी सुरू व्हायची. "ते आख्खा कागद वाचतं. अक्षर न् अक्षर, मोकळी जागासुदा. त्याचा एक लांबलचक आकडा काढतं. सरांच्या डोंगलमदी एक चावी हाय, जगात दुसरी तशी न्हाय, तिनं तो आकडा कुलपात घालतं. ही झाली सही. कागद कोचीला गेला की तितलं मशीन परत आकडा काढतं आणि जुळवून बघतं. जुळला की हिरवी टिक. म्हणजे दोन गोष्टी पक्क्या. सही सरांचीच हाय, आणि सही झाल्यावर कागदात कुणी काय बदललं न्हाय."

अण्णांचा हात दह्याच्या वाटीशी थांबला.

"म्हणजे, मागनं कुणी काय वाढवलं तर?"

"एक टिंब वाढवलं तरी लाल."

"टिंब?"

"टिंब."

"आन् समजा," अण्णांनी विचारलं, "देवाचं नाव असलं तर?"

"त्याला देव काय कळतोय? त्याला एवढंच कळतंय, की हे सही करताना कागदावर न्हवतं." पायल उठली, हात धुवायला गेली. तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

अण्णांचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. तीन दिवस जे लाल लाल म्हणून चाललं होतं, ते ह्या बोटानं केलं होतं. ह्याच.

डबा तसाच झाकून ते बाहेर आले आणि लिंबाखाली जिथं कामगारांच्या सायकली लावतात तिथं उभे राहिले. आता मनाचे खेळ बघा. पहिला विचार आला तो असा, की आता गुपचूप जाऊन पायलकडनं ताजा कागद घ्यावा, श्री न काढता पाठवून द्यावा. हिरवी टिक येईल, ऑर्डर मिळेल, मालक खूश. कुणाला काय कळणार? नेटचा काहीतरी घोळ होता म्हणतील आणि विसरून जातील. छत्तीस वर्षांच्या अब्रूला ओरखडा नाही.

पण पायलला? मालकानं सांगितलंच होतं, झालं तरी कायम करणार नाही. ती दोन महिन्यांनी पेटी उचलून जेऊरला जाणार. गावात विचारतील, का गं, काढलं का? आणि ती काय सांगणार? तिला स्वतःलाच माहीत नाही तिचं काय चुकलं ते. आयुष्यभर त्या कॉम्प्युटरपुढं बसल्यावर तिचा हात जरा कापत राहील.

अण्णांना स्वतःची लाज वाटली. एवढी, की ते एका सायकलच्या सीटला धरून उभे राहिले. मग धोतराचा सोगा सारखा केला आणि सरळ मल्लिनाथच्या केबिनमध्ये गेले. घड्याळात सव्वातीन झाले होते.

"मालक, तुमचा कागद पायलनं बिघडवला न्हाय. मी बिघडवलाय."

मल्लिनाथ फोनवर होता. त्यानं फोन खाली ठेवला. "काय म्हणता अण्णा?"

अण्णांनी मोबाइल पुढं केला, कोचीला गेलेला कागद उघडून. करारनाम्याच्या डोक्यावर निळा, जरा डावीकडं झुकलेला श्री. "सही झाल्यावर मी काढला. तिनी वेळेला. सही झाल्यावर टिंब जरी वाढवलं तरी चालत न्हाय म्हणे. मला ठाऊक न्हवतं. पण ठाऊक न्हवतं म्हणून ती चूक पोरीची होत न्हाय."

मल्लिनाथ बराच वेळ त्या अक्षराकडं बघत राहिला. लहानपणी ह्याच माणसाच्या मांडीवर बसून तो असाच श्री गिरवायला शिकला होता. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग राग कुठं ठेवावा ते त्याला कळेना.

"तीन दिवस अण्णा," तो म्हणाला. "तीन दिवस मी त्या पोरीला नाही नाही ते बोललो."

"तेच सांगायला आलोय. कागदाचं नंतर बघू. आधी पोरीचं काय ते सांगा."

"काय सांगू? बोलवा तिला."

पायल आली. अण्णांनीच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, सायकलीपाशी काय मनात आलं होतं तेसुद्धा. पायल ऐकत होती. तिचे डोळे भरले.

"दोन रात्री झोपले न्हाय मी अण्णा," ती म्हणाली. "वाटत होतं, मला यातलं काय येतच न्हाय."

"चुकलं पोरी माझं."

पदवीवाल्या पोरीसारखी नाही, घरातल्या पोरीसारखी ती ओढणीनं डोळे पुसून म्हणाली, "मेल उघडून श्री बगायला पायजे हुता मी."

मल्लिनाथला हसू आलं. ते त्यानं दाबलं आणि घड्याळाकडं बघितलं. "साडेतीन झाले. पायल, आता तो श्री काढून टाक आणि कागद तसाच पाठव."

अण्णांनी मान खाली घातली. बरोबरच होतं की. त्यांच्या एका अक्षरापायी चोवीस माग अडले होते. आता कुठल्या तोंडानं काय म्हणायचं? तरी थोरल्या मालकांच्या फोटोकडं बघायचं त्यांनी टाळलं.

"काढायचा कशाला सर?" पायल म्हणाली.

दोघांनी तिच्याकडं बघितलं.

"मशीनला श्रीचं वावडं न्हाय. सही झाल्यावर आला, एवढंच त्याला नको होतं. आपण आधी श्री टाकू आणि मग सही करू. मग तो पण कुलपाच्या आत जातोय. त्याला कुणी हात लावला तर लाल होईल."

अण्णा तिच्याकडं बघतच राहिले. छत्तीस वर्षांपूर्वीचा तो टोपलीत गेलेला कागद त्यांच्या डोळ्यांपुढं आला.

"आधी श्री," ते हळूच म्हणाले. "मग तुझं काय ते. थोरल्या मालकांनी मला हेच सांगितलं होतं की गं. आन् मी तीन दिवस उलटं करत बसलोय."

बाकीचं काम झटपट झालं. पायलनं कोचीला फोन करून विचारून घेतलं, कागदावर वर एक चिन्ह असलं तर चालेल ना. तिकडची मुलगी म्हणाली, सही हिरवी असेल तर तुम्ही कागदावर हत्ती काढा. अण्णांनी कोऱ्या कागदावर शाईनं श्री काढला, छत्तीस वर्षांचा सरळ, घोटीव श्री. पायलनं त्याचा फोटो घेऊन करारनाम्याच्या डोक्यावर बसवला. मल्लिनाथनं डोंगल लावलं, पिन टाकला. हिरवी टिक. अण्णांनी जावक वहीत चारशे अठरा लिहिलं, कागद पाठवला आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला, जणू त्याला हात लागला तरी काही बिघडेल.

चार वाजून वीस मिनिटांनी उत्तर आलं. सही वैध. करारनामा मंजूर.

मल्लिनाथनं चहा मागवला. तीन कप आले. ह्या ऑफिसात पहिला कप मालकाचा, ही थोरल्या मालकांच्या वेळेपासूनची रीत. मल्लिनाथनं पहिला कप उचलला आणि पायलपुढं ठेवला. "एक तारखेपासून तू कायम," तो म्हणाला, "आणि मी जे बोललो ते..." वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. पायलनं कप घेतला, तेवढ्यावर भागलं. अण्णांचा जीव भांड्यात पडला. दुपारचा राहिलेला भाकरीतुकडा त्यांनी चहात बुडवून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायल आली तेव्हा अण्णा आधीच येऊन जावक वही उघडून बसले होते. चारशे बारा, चारशे पंधरा, चारशे सतरा. तिन्हींपुढं शेऱ्याचा रकाना मोकळा होता, तो त्यांनी शाईनं भरला होता. तिन्ही ठिकाणी तेच वाक्य, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. 'कागद परत आला. सही झाल्यावर मी मजकूर वाढवला म्हणून. पायलची चूक नाही.' आणि खाली सही, गुरप्पा.

पायलनं वाचलं. "अण्णा, हे कशाला लिहिलं? मिटलं की सगळं. दहा वर्षांनी कुणी वही उघडली तर तुमचं नाव दिसंल."

"दिसू दे की."

"निदान एकदाच लिवायचं. तीनदा कशाला? दोन खोडते मी, पांढरी शाई हाय."

अण्णांनी वहीवर हात ठेवला. "सही झालीय पोरी. आता टिंब हलवायचं न्हाय."

पायल हसली. मग तिनं मोबाइल काढला, वहीचा तेवढा भाग नीट उजेडात धरला आणि फोटो घेतला. कुणाला पाठवला ते अण्णांनी विचारलं नाही. पाच मिनिटांत जेऊरहून तिच्या वडिलांचा फोन आला. ती खिडकीशी जाऊन बोलू लागली, पण मागांच्या आवाजामुळं मोठ्यानं बोलावं लागत होतं आणि अण्णांना सगळं ऐकू येत होतं.

"व्हय आबा, कायम झाले. एक तारखेपासनं... न्हाय, ते पत्र टायपिंगचं येईल नंतर. हे वहीतलं बगा की आधी... गुरप्पा व्हय? आमच्या हितले अण्णा हायेत. म्हातारे हायेत... व्हय आबा, त्यांनी सोता लिवलंय, खाली सही बगा."

पलीकडनं काहीतरी विचारलं गेलं. पायल ऐकत राहिली. मग म्हणाली, "आता मी सोलापुरातच राहणार की."

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, नवं पान उघडलं आणि त्याच्या डोक्यावर मधोमध श्री काढला. मग त्या दिवसाची तारीख घातली.